त्रेपन्नावं सोंग

"हलू नको," रावजीबाबा म्हणाला. "गाठ कानावर येती."

मी हललो नाही. हलण्यासारखं फारसं काही उरलंही नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर पांगाऱ्याच्या लाकडाचा हिरवा मुखवटा होता. त्याच्या कडेच्या भोकांतून काथ्याची दोरी ओवलेली होती, आणि ती दोरी रावजीबाबा माझ्या डोक्यामागे तीन ठिकाणी आवळत होता. आत हळदीचा, ओल्या रंगाचा आणि माझ्याच सकाळच्या कांद्यापोह्यांचा वास कोंडला होता. डोळ्यांची भोकं त्यानं स्वतःच्या डोळ्यांच्या अंतराने कोरली होती. त्यामुळे उजव्या डोळ्याने मला दोन बोटं रुंद जग दिसत होतं आणि डाव्या डोळ्याने लाकूड.

"नंतर सुटेल ना?" मी विचारलं.

"खरं केलंस तर सुटंल."

"म्हणजे?"

"आता बोलायचं नाय. मुखवटा बांधला का सोंग बोलत नाय."

मग त्याने माझ्या दोन्ही हातांवर काळ्या कापडाचे पंजे चढवले आणि मनगटाला बांधले. बाहेर संबळ वाजायला लागला होता. सकाळचे सव्वाअकरा झाले होते, फेब्रुवारीचं ऊन होतं, आणि मी राक्षस होतो.

तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. माझ्या ओळखपत्रावर 'सांस्कृतिक समन्वयक' असं छापलेलं होतं. मराठी विषयातली एम.ए.ची पदवी आणि तीन प्रायोगिक नाटकं एवढ्या भांडवलावर पुण्यात जे काही करता येतं ते, म्हणजे चहा पिणं, पुरेसं करून झाल्यावर मला ही नोकरी लागली होती. संस्था मुंबईची. तिला निधी देणारी संस्था युरोपच्या वरच्या अंगाच्या एका देशातली, जिथे माणसं थोडी आणि सदिच्छा भरपूर असाव्यात. त्या लोकांचा असा अभ्यास झाला होता की भाषणं आणि भित्तिपत्रकं यांनी माणूस बदलत नाही. तो बदलतो त्याच्या स्वतःच्या कलेतून. तेव्हा जे काय सांगायचं ते लोकांना त्यांच्याच कलेतून सांगा. काय सांगायचं हे अर्थात आधीच ठरलेलं होतं. हात साबणाने धुवा.

माझ्या वाट्याला करवंदपाडा आला. ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांच्या शिवेवर, घाटमाथ्यावर, बेचाळीस घरांचा पाडा. होळीनंतर तिथे बोहाडा होत असे. देवळापुढच्या पटांगणात रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात एकेक मुखवटा येतो, संबळ-पिपाणीवर नाचतो आणि जातो. गणपतीपासून जगदंबेपर्यंत बावन्न सोंगं. ती सगळी रावजीबाबा बुधरच्या घरात, माळ्यावर, धोतराच्या फडक्यांत गुंडाळून ठेवलेली. साठीचा, काटक, बोलायच्या आधी समोरच्याकडे बराच वेळ बघत राहणारा माणूस. पाड्यात सगळे सगळ्यांना अरे-तुरे करत. मी महिनाभर त्याला अहो-जाहो करून पाहिलं, पण त्याला वाटे की माझं काहीतरी बिनसलंय. मग मीही 'तू'वर आलो.

पहिल्याच बैठकीत, मी कलेतून आरोग्याकडे कसं जाता येतं ते सांगत असताना मागून एक बाई म्हणाली, "हात धुवाया पानी कुठलं?"

ही चिमीबाई. रावजीबाबाच्या धाकट्या भावाची बायको, नवरा वारलेला, गुडघे सुजलेले, आवाज डोंगरापलीकडे जाईल असा. पाड्याची विहीर कोसभर खाली, दरीच्या तोंडाशी होती. जानेवारीपासून तिचं पाणी तळाला जाई. मग बायका आत उतरून वाटीने हंडा भरत. एक हंडा भरायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात आमच्या मुंबईच्या कार्यालयात एक बैठक संपत असे.

मी अहवालात लिहिलं: 'पाण्याच्या उपलब्धतेबाबत ग्रामस्थांनी उत्सुकता दाखवली.' कार्यालयातून उत्तर आलं की टाक्या, नळ, पंप यांत आपण पडत नाही. आपण माणसांत गुंतवणूक करतो, सिमेंटमध्ये नाही. खाली आमच्या संचालिका खोपकर मॅडम यांची सही होती. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि पाड्यात कोणालाही वाचून दाखवलं नाही.

फेब्रुवारीत निधी देणाऱ्या संस्थेचे पाहुणे काम बघायला येणार होते. त्यांच्यासाठी नवीन सोंग, ही कल्पना माझी. जंतूंचा राक्षस म्हणून जंतासुर. जगदंबा येते आणि त्याला मारते. देवीच्या हातात त्रिशूळाऐवजी साबण द्यावा, अशी मुंबईच्या मुख्यालयाची सूचना होती. रावजीबाबा त्यावर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिरसूळ राहूंदे. दुसऱ्या हातात साबन दे. देवीला हात कमी हायेत का."

पण मुखवटा करायला तो तयार होईना. बावन्न सोंगं आज्यापासून आहेत, त्रेपन्नावं कशाला. एकदा केलेलं सोंग टाकता येत नाही, ते दर वर्षी नाचवावं लागतं. आणि नवीन सोंग ज्याने मागितलं त्यानेच ते नाचवायचं, असा रिवाज.

"मी नाचवीन," मी म्हणालो. प्रायोगिक रंगभूमीवर मी एकदा दगडाचं काम केलं होतं.

"आन कौल?"

कौलाचं तेव्हा मला कळलं. सोंग पटांगणातून जायच्या आधी पाड्यातलं कोणीतरी पुढे येऊन त्याला एक प्रश्न विचारतं. एकच. सोंग बोलत नाही, मान हलवतं. खाली-वर म्हणजे हो, आडवी म्हणजे नाही. मुखवट्यात खोटं चालत नाही. रावजीबाबाच्या आज्याच्या वेळी एकाने शेताच्या बांधावरून वाघाच्या सोंगात खोटी मान हलवली होती. त्याचा मुखवटा निघेना, शेवटी कुऱ्हाडीने फोडावा लागला.

"माणूस वाचला का?" मी विचारलं.

"वाचला. पन त्याच्या म्होरं बसून कोनी जेवलं नाय."

मला हे सगळं फार आवडलं. प्रेक्षकांचा सहभाग ही गोष्ट मुख्यालयाला हवीच होती, आणि इथे ती तयार होती. मी संहितेत कौलाच्या जागी वाक्य घालून टाकलं: 'जंतासुरा, जाशील का गाव सोडून?' राक्षस मान खाली-वर करतो, देवीच्या पायावर पडतो, सगळे हात धुतात. प्रश्न चिमीबाईने विचारायचा, कारण तिचा आवाज मोठा. लोकांच्या एका रिवाजात आपण आपलं वाक्य बसवतो आहोत, असं मला वाटलं नाही. मला वाटलं, जागा रिकामीच होती.

रावजीबाबा तरीही ऐकेना. तेव्हा मी ते बोललो. चिमीबाई शेजारीच चुलीवर पेज ढवळत होती. मी म्हणालो, "बाबा, पाहुणे खूश झाले तर पाण्याचंही होईल."

पेज ढवळायची थांबली.

"कवा?" चिमीबाई म्हणाली.

या वाक्याचा गुण असा असतो की त्यात कोणी काही कबूल केलेलं नसतं. पण 'कवा' असं विचारलं की काहीतरी सांगावंच लागतं.

"होळीच्या आधी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रावजीबाबा पांगारा तोडायला गेला.

पाहुणे यायच्या चार दिवस आधी तो माझ्याशेजारी येऊन बसला. मुखवट्याला हिरवा रंग देऊन झाला होता. तो सहज बोलावं तसं बोलला. चिमीच्या सुनेला, रखमीला, सातवा लागलाय. आधीची दोन विहिरीच्या वाटेवर गेली. तिसऱ्याला चिमी तिला माहेरी धाडणार होती. माहेर नदीकाठी, तिथे पाणी दारात. पण मुलगा वीटभट्टीवर गेलेला, तो पावसाशिवाय यायचा नाही. सून गेली तर विहिरीत उतरायला घरात फक्त चिमीचे गुडघे. आता तू म्हणतोस होळीच्या आधी पाणी येईल, म्हणून चिमीने तिला ठेवून घेतलंय. होळीनंतर पोरीला घाट उतरवणार नाही. गेली तर आताच.

"येईल ना रं?" त्याने विचारलं.

"बघू," मी म्हणालो.

संध्याकाळी मी तालुक्याच्या गावी जाऊन मुंबईला फोन लावला. खोपकर मॅडमना सगळं सांगितलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी शांतपणे ऐकलं, दोनदा 'अरेरे' म्हणाल्या. मग म्हणाल्या, "टिपणीस, भेट होऊन जाऊ दे. मग नीट समजावून सांगा त्यांना. तोवर वातावरण सकारात्मक ठेवा." पुढच्या तीन वर्षांचं सगळं या भेटीवर होतं. माझी नोकरीही त्या 'सगळं'मध्ये होती, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. सभ्य बाई.

मी परत आलो आणि वातावरण सकारात्मक ठेवलं.

भेट दुपारी दोनच्या आत आटपायची होती, कारण अंधारात गाडी घाटात असू नये असा पाहुण्यांचा नियम होता. बोहाडा दिवसा आणि होळीच्या आधी कसा काढायचा, यावर पाड्यात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी रावजीबाबाने निवाडा दिला की राक्षसाला मुहूर्त लागत नाही.

हात धुण्याच्या प्रात्यक्षिकाला पाणी लागणार होतं. बायकांनी पहाटेपासून खेपा करून अकरा हंडे आणून पटांगणाच्या कडेला मांडले होते. त्यातला एक रखमीचा होता. मी तिला म्हणालो, तू कशाला गेलीस. ती लाजून हसली आणि म्हणाली, पाहुणे खूश झाले पाहिजेत.

तर, सव्वाअकरा वाजता मला बाहेर ढकललं गेलं.

नाच बरा झाला असावा. मला काही दिसत नव्हतं. पोरं किंचाळत होती त्या बाजूला मी जात होतो आणि संबळाकडे परत येत होतो. मुखवट्याच्या आत घाम डोळ्यांत उतरत होता आणि पंजे बांधलेले असल्याने तो पुसता येत नव्हता. दोन बोटं रुंद जगात कधी पिपाणीवाल्याचं पोट येई, कधी खुर्चीवर बसलेल्या पाहुणीचे गुडघे. पाहुणीचं नाव मारिट. सहा फूट उंच, उन्हाने लाल झालेली, आल्याआल्या प्रत्येक बाईला हात जोडून भेटलेली. ती मनापासून चांगली होती. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. एरवी तिच्यासाठी दुभाष्याचं काम मीच करत असे, पण मी आत होतो. म्हणून तिच्याशेजारी खोपकर मॅडम बसल्या होत्या.

देवी आली. एका हातात त्रिशूळ, दुसऱ्यात गुलाबी साबण. मी तिच्यापुढे थरथरलो. संबळ थांबला.

चिमीबाई पुढे आली. तिचे पाय ऐकू आले, एक पाय ओढत टाकण्याची तिची पद्धत होती. ती माझ्यासमोर थांबली.

"जंतासुरा," ती म्हणाली.

मी मान तयार ठेवली.

"होळीच्या आदी आमच्या पाड्यात पानी येनार का?"

तालमीत तिने माझं वाक्य चार वेळा न चुकता म्हटलं होतं. ती विसरली नव्हती. तालीम ही तालीम होती, हा कौल होता. खरा मुखवटा समोर असताना कोणी राक्षसाला 'गाव सोडून जाशील का' असलं काहीतरी विचारून एकुलता एक प्रश्न वाया घालवेल, असं मलाच वाटलं होतं.

डावीकडून मारिटचा आवाज आला. ती काय विचारते आहे?

खोपकर मॅडमना मराठी येते. त्या मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांनी क्षणभरही न थांबता इंग्रजीत सांगितलं, की ती राक्षसाला विचारते आहे, तू गाव कायमचं सोडून जाशील का. त्यांनी भाषांतर केलं नाही, संहिता वाचून दाखवली.

म्हणजे आता पटांगणाच्या दोन बाजूंना दोन प्रश्न उभे होते आणि मान एकच होती. खाली-वर केली तर राक्षस गाव सोडून जाणार होता, मारिट टाळ्या वाजवणार होती, आमची तीन वर्षं पक्की होणार होती. आणि रखमी सातव्या महिन्यात, मग आठव्या महिन्यात, हातात वाटी घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरणार होती. आडवी हलवली तर राक्षस पाड्यातच राहणार होता, आणि माझं काय होणार होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. दिसत नव्हतं ते बाकीचं सगळं.

बेशुद्ध पडावं असं मनात आलं. पण कौल देणारा पडला तर कौल फार तर दुसऱ्या दिवसावर गेला असता. मी हात मागे नेऊन गाठ चाचपली. कापडी पंजांनी गाठ सुटत नाही. गाठी तीन होत्या आणि घामाने फुगल्या होत्या. मान गोल फिरवावी का? मंत्रालयात काम करणारे माझे एक काका तशी फिरवत. पण लाकडाच्या एवढ्या वजनासकट मान गोल फिरवली तर मोडते.

"जंतासुरा," चिमीबाई पुन्हा म्हणाली, या वेळी हळू. "सांग."

मी जरा वळलो. त्या फटीत कडेला उभ्या असलेल्या एका बाईचे पाय आले, कोणाचे ते कळेना. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल, उजव्या अंगठ्याला बांधलेली चिंधी. शेजारी हंडा. चेहरा दिसण्यासाठी मान वर करायला हवी होती, आणि मान वर केली असती तर ती हो म्हणण्याची सुरुवात वाटली असती.

मी मान आडवी हलवली. कोणाला शंका राहू नये म्हणून पुन्हा एकदा हलवली.

कोणी ओरडलं नाही. कुणी शिवीही दिली नाही. चिमीबाई एवढंच म्हणाली, "बरं."

मग ती वळली आणि पाय ओढत हंड्यांपाशी गेली. एक हंडा तिने स्वतः उचलला. तिच्यामागून दुसरीने, मग तिसरीने. अकरा हंडे ओळीने आपापल्या घरी गेले. रखमीचा हंडा दुसऱ्या कोणीतरी घेतला. देवी साबण घेऊन उभी होती. संहितेत पुढे तिने राक्षसाला मारायचं होतं, पण राक्षसाने नाही म्हटलेलं होतं आणि हात धुवायला पाणी उरलं नव्हतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि साबण कोरड्या घमेल्यात ठेवून दिला.

रावजीबाबाने मला घरात नेलं. तीनही गाठी त्याने एकेका झटक्यात सोडवल्या. मुखवटा अलगद हातात आला. त्याने तो उलटा करून आतला घाम पुसला, माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "सुटला."

मी तोंड धुवायला पाणी मागितलं नाही.

बाहेर आलो तेव्हा मारिट रडत होती. वीस वर्षं तिने असली कामं बघितली होती, आफ्रिकेत, अँडीजमध्ये. प्रत्येक ठिकाणी राक्षस शेवटी मरतो. इथे राक्षस जायला नकार देतो, आणि बायका पाणी उचलून निघून जातात. एवढं प्रामाणिक काही तिने पाहिलं नव्हतं. तिने माझे दोन्ही हात धरले. खोपकर मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी सावरलं. त्या म्हणाल्या, शेवट मोकळा ठेवण्यावर आमच्या संस्थेचा भर असतो.

माझ्या नोकरीचं त्या क्षणी काय व्हायचं ते झालं. ती वाढली.

आम्ही गाडीपाशी आलो तेव्हा चिमीबाई तिथे उभी होती. मागे रखमी, हातात गाठोडं. बांधून ठेवलेलं असावं, नाहीतर इतक्यात होत नाही.

"गाडी घाटाखाली जाती ना? हिला फाट्यावर सोड," चिमीबाई म्हणाली. "तिथून यश्टी हाय."

खोपकर मॅडम मला बाजूला घेऊन इंग्रजीत म्हणाल्या, की बाहेरच्या माणसाला गाडीत घेता येत नाही, विम्याचा प्रश्न आहे, आणि जागाही नाही. मी म्हणालो की एका जागेचा विमा माझा आहे, मी चालत येतो. मारिटने विचारलं, ही कुठे निघाली. मॅडम म्हणाल्या, तपासणीला. मारिटला आणखी आनंद झाला. तिने सरकून खिडकीची जागा रखमीला दिली. मग गाडी गेली.

धूळ बसेपर्यंत आम्ही दोघं रस्त्यात उभे होतो. फाटा सात किलोमीटर होता आणि चिमीबाईला विहिरीवर जायचं होतं. तिच्या कमरेवर हंडा होता.

"चिमीबाई," मी म्हणालो, "मी तुला सांगणार होतो."

"लाकूड बांदल्यावर सांगितलंस," ती म्हणाली. "तोंड उघडं व्हतं तवा काय झालतं?"

ती उत्तरासाठी थांबली. खरंच थांबली. चिडून विचारलेला तो प्रश्न नव्हता, तिला जाणून घ्यायचं होतं. मी दरीकडे पाहिलं. मग तिने हंडा कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतला आणि पाय ओढत वाट उतरायला लागली. मला तिच्यामागोमाग जाऊन हंडा घेता आला असता. मी फाट्याकडे चालू लागलो.

करवंदपाड्याने आमच्या पुढच्या टप्प्यात भाग घेतला नाही. अहवालात त्याची नोंद 'समुदायाचा प्रतिसाद मर्यादित' अशी झाली. ती मीच लिहिली.

तीन वर्षांनी तालुक्याच्या बाजारात रावजीबाबा भेटला. त्याने मला चहा पाजला. मुलगी झाली, म्हणाला, नदीकाठी, आजोळी. चालते, बोलते, खूप बोलते. मी पाण्याचं विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. त्या होळीनंतर चिमी आणि पाड्यातल्या बायका जंतासुराचा मुखवटा घेऊन तालुक्याच्या सायबाकडे गेल्या. दर वर्षी जातच होत्या, दर वर्षी तो सांगे, मे महिन्यापर्यंत होईल. या वेळी त्यांनी मुखवटा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, हा घालून सांग.

"घातला त्यानं?"

"हॅ. त्यो कशाला घालतोय." रावजीबाबाने बशीतला चहा संपवला. "तिसऱ्या दिशी शिपाई पाठवला, का ते लाकूड घेऊन जा. आमी म्हनलो, राहूंदे, सायबाचं मन व्हईल तवा घालंल. महिनाभर व्हता तिथं. कपाटावर ठेवला तर म्हने अजून बघतोय. मंग टाकी दिली."

"आणि मुखवटा?"

"आनला की परत. दरसाल बोहाड्यात निघतो. पुकारनारा तुझंच नाव पुकारतो, जंतासुराचं सोंग, नाचवनार टिपनीस सायेब. तू नसतोस. मंग दुसरं कोनी घालत नाय, मुखवटा नुसता पाटावर ठेवून एक फेरा संबळ वाजवतात." तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. "येत जा की. आता कौलाला बी कोनी घाबरत नाय. पानी आलंय."

येतो म्हणालो.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं झाली. मी गेलो नाही. मध्यंतरी मी त्याच क्षेत्रात बराच वर चढलो. कला आणि विकास या विषयावर जिथे जिथे परिषद असते तिथे मला बोलावतात. करवंदपाड्याचा प्रयोग मी पडद्यावर दाखवतो, मारिटने काढलेले फोटो आहेत. त्यातला एक फार गाजला. हिरवा राक्षस मधे, मान तिरकी, आणि मागे हंडे घेऊन जाणाऱ्या बायकांची रांग. शेवटी प्रश्नोत्तरं असतात. दर वेळी पहिल्या-दुसऱ्या रांगेतलं कोणीतरी, बहुतेक नवीन नोकरीला लागलेलं, हात वर करतं आणि विचारतं, की सर, अशा कामाने तिथल्या लोकांचं काही खरंच भलं होतं का.

मी थोडा थांबतो. मग मान खाली-वर करतो. लाकूड नसलं की मान हलकी असते.